खाडीच्या तळाचा हजेरीपट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल दिवसभर आपण आठवणी काढल्या, खूप हसलो, थोडं रडलोही. आज संयोजकांनी आम्हा काहीजणांना आपापल्या कामातलं काहीतरी सांगा, असं म्हटलं आहे. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणजे आता ही कॉम्प्युटरबद्दल बोलणार आणि आपल्याला डुलकी लागणार, असं मागच्या बाकांवरच्या मंडळींना वाटत असेल. मागचे बाक अजूनही त्यांचेच आहेत, हे पाहून बरं वाटलं. पण मी आज चिखलाबद्दल बोलणार आहे. आपल्या खाडीच्या चिखलाबद्दल.

विषय निवडायचं कारण आपल्याच ग्रुपवर घडलं. गेल्या दिवाळीच्या सुमारास आपल्या एका मैत्रिणीनं लिहिलं की खाडीत आता पूर्वीसारखे मुळे मिळत नाहीत. तिच्या घरी आजीपासून मुळे-तिसऱ्या काढून विकण्याचं काम चालतं. एका ओहोटीत जी टोपली भरायची, ती आता दोन ओहोट्यांतही भरत नाही, असं तिचं म्हणणं. तिला विचारूनच हे सांगते आहे. फक्त नाव घेऊ नकोस म्हणाली. तासाभरात दुसऱ्या एका मित्रानं खाडीच्या पाण्याचा तपासणी अहवाल टाकला. सगळे आकडे मर्यादेत. म्हणजे पाणी चांगलं आहे, उगाच ओरड नको, असा त्याचा अर्थ. मग कुणी गावच्या नाल्याला दोष दिला, कुणी वाळू उपशाला, कुणी म्हणालं की बायकाच लहान मुळेसुद्धा काढून नेतात. चार दिवस वाद चालला. शेवटी ॲडमिननं गुड मॉर्निंगचं फूल टाकून तो मिटवला.

मैत्रीण खोटं बोलत नव्हती आणि अहवालही खोटा नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ते कसं, एवढंच मला आज सांगायचं आहे. आणि शेवटी शाळेसमोर एक प्रस्ताव ठेवायचा आहे.

मी जीवशास्त्राची अभ्यासक नाही. इंजिनीअरिंग केलं आणि पुण्यात नोकरीला लागले. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे युरोपातल्या एका ग्राहकाचं काम आलं. किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या तपासणीच्या नोंदी एकत्र ठेवायच्या, त्यांतल्या चुका पकडायच्या आणि त्यांवरून गुण काढायचे, अशी प्रणाली बनवायची होती. पाण्याचे तक्ते येणार हे मला माहीत होतं. पण त्यांच्या बरोबरीनं किडे, शिंपले, गोगलगायी, खेकडे यांच्या याद्या येऊ लागल्या. पाण्याची तपासणी करताना चिखलातले किडे कशाला मोजायचे, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर त्या शास्त्रज्ञांनी मला फार धीरानं समजावलं. तेच आपल्या भाषेत सांगते.

पाण्याची तपासणी म्हणजे काय? कुणीतरी होडीतून किंवा पुलावरून बाटली भरतो आणि प्रयोगशाळेत नेतो. आपल्याकडे किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केलेले आहेत. त्यांतला दुसरा वर्ग आंघोळ, पाण्यातले खेळ आणि व्यापारी मासेमारी यांच्यासाठी आहे. त्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा, बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, सामू ६.५ ते ८.५ हवा, विष्ठेतून येणारे जिवाणू १०० मिलिलिटरला १००च्या आत हवेत, पाणी फार गढूळ नको, वगैरे. ही मानकं गरजेचीच आहेत. जिवाणूंचा आकडा नसेल तर पोरांना पाण्यात सोडायचं की नाही, हे कळणार नाही. पण या यादीत तळाशी कोण जगतं आहे, हा प्रश्नच नाही.

आता आपली खाडी डोळ्यांसमोर आणा. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीच्या वेळी बाटली भरली तर त्यात बहुतेक समुद्राचं पाणी येणार, ओहोटीला भरली तर नदीचं आणि नाल्याचं. उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर होतं, भांगाला जागच्या जागी रेंगाळतं. दुपारी उन्हात पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती ऑक्सिजन सोडत असतात, पहाटेपर्यंत तो वापरून कमी झालेला असतो. आणि नमुना घेणारा माणूस साधारण सकाळी अकराला येतो. बाटली खोटं बोलत नाही, पण ती फक्त अकरा वाजताचं सांगते, तेही बहुतेक वेळा वरच्या थराचं.

आपल्या शाळेत तपासणीसाठी साहेब यायचे, तो दिवस आठवा. व्हरांडे धुतलेले, फळ्यावर सुविचार, सगळ्यांचे गणवेश इस्त्रीचे. साहेबांनी जे पाहिलं ते खरंच होतं. पण वर्षभर शाळा कशी चालली, हे साहेबांना कुठे दिसायचं? बाईंच्या टेबलावरच्या हजेरीपटात. कोण रोज आलं, कोण पावसाळ्यात गळलं, कोण दिवाळीनंतर आलंच नाही, हे त्यात लिहिलेलं असायचं.

खाडीचा हजेरीपट तिच्या तळाशी असतो. मासा पाणी बिघडलं की निघून जातो. मुळा कुठे जाणार? तो जिथे रुतला तिथेच बसून पाणी गाळून खातो. त्याच्या शेजारी चिखलात बिळं करून राहणारे किडे असतात, अंगावर केसांचे झुबके असलेले. त्यांना पॉलिकीट म्हणतात. आपल्यातले काहीजण तेच गरीला लावून मासे धरायचे. शिवाय बारीक गोगलगायी, कोळंबीचे चुलते म्हणावेत असे छोटे कवचवाले प्राणी, खेकडे. या सगळ्यांना मी तळजीव म्हणते. कुणी महिनाभर जगतं, कुणी काही वर्षं. रात्री दोन वाजता नाल्यातून काय आलं, गेल्या महिन्यात किती दिवस ऑक्सिजन कमी होता, हे बाटलीला माहीत नसतं. पण यांनी ते सोसलेलं असतं. जो सोसू शकला नाही, तो गैरहजर.

पाणी बिघडलं की तळाशी काय होतं, याची साखळी साधी आहे. सांडपाणी, मासळीचा कचरा, कुजलेला पालापाचोळा असं बरंच काही खाली बसतं. जिवाणू ते खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. आपल्याकडच्या उबदार समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरमागे साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक प्राण्यांना जगणं कठीण होतं. ऑक्सिजन संपल्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्याचा वास येतो आणि चिखल काळा पडतो. चांगल्या चिखलात वरचा थर तपकिरी असतो, काळा भाग खोल असतो. बिघडलेल्या जागी काळा भाग जवळजवळ पृष्ठभागापर्यंत येतो. हे बघायला पायाच्या अंगठ्यानं उकरलं तरी पुरतं.

या बदलाला एक ठरलेला क्रम आहे. १९७८ साली स्कॉटलंडचे पिअर्सन आणि स्वीडनचे रोझेनबर्ग या दोघांनी ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून तो मांडला. त्यातली गंमत अशी की थोडं सांडपाणी आलं तर तळजीव आधी कमी होत नाहीत, उलट वाढतात. खाणं वाढलेलं असतं ना! पुढे नाजूक जाती एकेक करून जातात आणि दोन-चार काटक जाती प्रचंड संख्येनं वाढतात. त्याही पुढे तळ निर्जीव होतो. म्हणजे नुसतं 'जीव भरपूर आहेत' म्हणून समाधान मानता येत नाही. वर्गात साठ जण हजर आहेत, पण ते कोण आहेत, हे बघावं लागतं.

या काटक मंडळींत सगळ्यात नावाजलेला किडा म्हणजे कॅपिटेला. लालसर, दोऱ्यासारखा. बाकीचे मेले की हा येतो, भराभर वाढतो. त्याची एक गोष्ट सांगते. १९६९च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट फालमथजवळ 'फ्लोरिडा' नावाचा तेलाचा बार्ज खडकांवर आदळला आणि डिझेलसारखं तेल सांडलं. वुड्स होलची प्रसिद्ध समुद्रविज्ञान संस्था तिथून जवळच. हॉवर्ड सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच तळाची मोजणी सुरू केली. पाण्यावरचा तवंग गेला, पण तळाशी जुने रहिवासी मेले होते आणि त्यांच्या जागी कॅपिटेलाचं राज्य आलं होतं. तिथल्या किनाऱ्यालगतच्या दलदलीच्या गाळात तेलाचे अंश ३० वर्षांनंतरही सापडले. पाणी विसरलं तरी चिखल विसरला नाही.

आता हा हजेरीपट वाचायचा कसा? होडीतून एक लोखंडी जबडा दोरीनं खाली सोडतात. तळाला टेकला की तो मिटतो आणि ठराविक क्षेत्रफळाचा चिखल उचलतो, बहुधा एक चौरस मीटरच्या दहाव्या भागाचा. या जबड्याला व्हान व्हेन ग्रॅब म्हणतात. योहान व्हान व्हेन हे हॉलंडचे इंजिनीअर होते, समुद्र अडवणाऱ्या बांधांच्या योजनेचे जनक. एका इंजिनीअरनं बनवलेलं अवजार जीवशास्त्राला इतकं उपयोगी पडलं, याचा मला उगाच अभिमान वाटतो. वर आणलेला चिखल अर्ध्या किंवा एक मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात. चाळणीवर जे उरतं ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग कुणीतरी आठवडेच्या आठवडे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा करून त्याचं नाव लिहितं. मी ज्या याद्या काही सेकंदांत वाचत होते, त्यांच्यामागे अशी मानेला रग लागेपर्यंत केलेली मेहनत होती.

पुढचं काम गणिताचं. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या अझ्टी या संस्थेतले आंखेल बोर्खा आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक निर्देशांक मांडला. त्याचं नाव अँबी. आपल्या आंब्याशी संबंध नाही! त्यांनी तळजीवांचे पाच गट केले. पहिल्या गटात अतिशय नाजूक, थोडं बिघडलं की जाणारे. पाचव्यात कॅपिटेलासारखे, घाणीतच फोफावणारे. मधले तीन गट त्यांच्या दरम्यान. पहिल्या गटाला ० गुण, दुसऱ्याला १.५, तिसऱ्याला ३, चौथ्याला ४.५ आणि पाचव्याला ६. प्रत्येक गटाची टक्केवारी त्याच्या गुणानं गुणायची, बेरीज करायची, शंभरनं भागायचं. सर, तुम्ही आम्हाला शिकवलेली भारित सरासरी ती हीच.

मी बनवलेलं उदाहरण घ्या. एका जागी शंभर जीव मिळाले. गटवार ४०, ३०, २०, १० आणि पाचव्यातला एकही नाही. गुण येतो १.५. दुसऱ्या जागी पहिल्या गटातलं कुणीच नाही. पुढे ५, १५, ३० आणि पाचव्या गटातले ५०. गुण येतो जवळजवळ ४.९. इथे गुण जितके कमी तितकं चांगलं, आपल्या प्रगतिपुस्तकाच्या उलट. १.२च्या आत असेल तर जागा निरोगी, १.२ ते ३.३ थोडी बिघडलेली, ५पर्यंत मध्यम बिघडलेली, त्यापुढे गंभीर. दोन्ही जागी मोजलेले जीव शंभरच. नुसत्या संख्येवर गेलो असतो, तर फरक कळलाच नसता.

युरोपीय संघानं २००० सालीच पाण्याबाबत एक मोठा कायदा केला. त्यात किनारी पाण्याची स्थिती ठरवताना तळजीव बघणं सक्तीचं झालं आणि असे निर्देशांक सरकारी कामात आले. आमच्याकडे आलेलं काम त्याचंच.

या कामात माझा जास्त वेळ गणितात गेला नाही, नावांत गेला. एकाच किड्याची तीन स्पेलिंगं, जुनं नाव, नवं नाव, अर्धवट नाव. ओळखताच न आलेले जीव वेगळेच. शंभरातल्या वीसपेक्षा जास्त जीवांचा गट ठरत नसेल तर अँबीचा गुण जपून वापरावा, असा त्या शास्त्रज्ञांचाच नियम आहे. आम्ही तो प्रणालीत घातला: गुण दाखवायचा, पण शेजारी इशारा लाल अक्षरात. आणि नाव बरोबर असलं तरी प्रश्न संपत नाही. वेस्ट फालमथनंतर कॅपिटेलाचा बारकाईनं अभ्यास झाला तेव्हा १९७६ साली लक्षात आलं की एकाच नावाखाली, दिसायला सारख्या पण प्रत्यक्षात वेगळ्या, निदान सहा जाती आहेत. शाळेत जुळ्या बहिणींच्या हजेरीत बाईंचा गोंधळ व्हायचा, त्याची मला फार आठवण आली.

आता चांगली बातमी. स्पेनमध्येच बिल्बाओ शहरातून नेर्विओन नदीची खाडी जाते. लोखंडाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि सुमारे दहा लाख लोकांचं सांडपाणी, असं सगळं शंभरेक वर्षं त्या खाडीत गेलं. आतल्या भागात ऑक्सिजन उरला नव्हता, तळ निर्जीव झाला होता. १९७९ साली सांडपाण्याची योजना मंजूर झाली. टप्प्याटप्प्यानं नळ टाकले, शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं, २००१ साली तिथे जैविक प्रक्रिया सुरू झाली. दरम्यान मोठे कारखानेही बंद पडले. १९८९पासून तिथले शास्त्रज्ञ तळाची नियमित मोजणी करत आहेत. त्या तक्त्यांत शून्य असलेल्या जागी आधी काटक किडे आले, मग हळूहळू दुसरे. बोर्खा आणि इतर शास्त्रज्ञांनी जगातल्या अशा उदाहरणांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा दिसलं की काही ठिकाणी पाच वर्षांच्या आत सुधारणा होते. पण शतकभर बिघडवलेली खाडी पूर्वीच्या वैभवाला यायला किमान १५ ते २५ वर्षं लागू शकतात. म्हणजे आज नाला बांधला तर पुढच्या दिवाळीला टोपली भरेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि काहीच होणार नाही असं कुणी म्हटलं, तर त्यावरही ठेवू नका.

मग युरोपाचं सूत्र उचलून आपल्या खाडीला लावावं का? इथे थांबायला हवं. अँबीची मूळ यादी युरोपच्या किनाऱ्यांसाठी तयार झाली. आपली खाडी वेगळी आहे. जुलैत नदीला पूर आला की खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि खाऱ्या पाण्याची सवय असलेले कित्येक जीव त्यात मरतात. त्यात कुणाचा दोष नाही, ते दर पावसाळ्यात घडत आलं आहे. शिवाय कुठल्याही खाडीत गोडं-खारं, गाळ, भरती-ओहोटी यांमुळे काटक जीवच जास्त असतात. म्हणून निरोगी खाडीसुद्धा सूत्राला आजारी वाटू शकते. शास्त्रज्ञ याला खाडीचा विरोधाभास म्हणतात.

दुसरं उदाहरण शेजारच्या गोव्याचं. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोल समुद्रातलं कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकून किनाऱ्याजवळ येतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो, कधी हायड्रोजन सल्फाइडही सापडतो, असं त्यांतून दिसलं. २००० साली त्यांनी हे जगासमोर मांडलं. हे मूळचं निसर्गचक्र आहे, त्याची तीव्रता मात्र जमिनीवरून वाहून येणाऱ्या खतांनी वाढत असावी, असं त्यांचं मत. आता समजा, कुणी फक्त ऑक्टोबरात तळ मोजला आणि जीव कमी सापडले. दोष कुणाला द्यायचा? वर्षानुवर्षांची नोंद असेल तरच निसर्गाचा वाटा आणि माणसाचा वाटा वेगळा करता येतो.

आपल्या ग्रुपवरच्या वादाची अडचणही हीच होती. मैत्रिणीकडे अनुभव होता, मित्राकडे अहवाल होता, पण जुना आकडा कुणाकडेच नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी खाडीच्या एका चौरस मीटरमध्ये किती मुळे होते, हे लिहिलेलं असतं तर चार दिवस भांडावं लागलं नसतं. आणि यात नुकसान कुणाचं होतं? जिच्याकडे कागद नाही तिचं. अहवालासमोर टोपलीला कुणी पुरावा मानत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव. आपल्या शाळेनं खाडीच्या तळाचा हजेरीपट सुरू करावा. नववीच्या मुलांनी, वर्षातून दोनदा: एकदा पावसाळ्यानंतर डिसेंबरात, एकदा पावसाळ्यापूर्वी एप्रिलात. जागा तीनच: खाडीच्या मुखाशी, नाल्याच्या तोंडापासून थोडं अंतर सोडून, आणि वर पुलाच्या पलीकडे. दर वेळी त्याच. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाची ओहोटी धरून. ती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असते, त्यामुळे शाळेचे तास बुडणार नाहीत.

साहित्य शाळेत जवळजवळ सगळं आहे. २५ सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट, खुरपं, एक मिलिमीटरची चाळण, थर्मामीटर, खारटपणा मोजायला हायड्रोमीटर, पट्टी. प्रत्येक जागी चौकट पाच ठिकाणी टाकायची, १५ सेंटिमीटर खोल उकरायचं, चाळायचं. मुळे-तिसऱ्या मोजायच्या आणि प्रत्येकीची लांबी व्हर्नियर कॅलिपरनं मिलिमीटरमध्ये लिहायची. दहावीच्या प्रयोगात आपण त्या कॅलिपरनं लोखंडी गोळ्यांचे व्यास मोजून कंटाळलो होतो. त्याला यापेक्षा चांगलं काम मिळणार नाही. काळा थर किती खोलीवर लागतो, तेही पट्टीनं लिहायचं. मोजून झालं की जीव परत चिखलात.

लांबी कशाला, असं विचाराल. आपल्या वादातली अर्धी उत्तरं लांबीत आहेत. मोठे मुळे कमी आणि लहान भरपूर, असं दिसलं तर काढणं जास्त होत असण्याची शक्यता मोठी. मग लहान मुळे सोडून देण्याचा नियम बायकांनी मिळून केला तरी फरक पडेल. लहानच सापडत नाहीत, जुने थोडे उरले आहेत, असं दिसलं तर नवी पिढी रुजत नाही. मग पाणी, चिखल आणि वाळू यांच्याकडे बघावं लागेल. नाल्याजवळ काळा थर वर आला आहे, लाल दोऱ्यासारखे किडे पुष्कळ आहेत आणि मुखाशी तसं नाही, तर बोट कुणीकडे दाखवायचं ते कळेल. आणि तिन्ही जागी सारखीच घट असेल, तर पूर किंवा समुद्रातलं काही कारण शोधावं लागेल. एका वर्षाच्या आकड्यांवर यातलं काहीच ठामपणे म्हणता येणार नाही. पाच वर्षांनंतर बरंच काही म्हणता येईल.

मुलांना पॉलिकीटांच्या जाती ओळखता येणार नाहीत, आणि ती अपेक्षाही नाही. त्यासाठी तज्ज्ञ लागतात. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या अध्यापकांना विनंती करू की पद्धत एकदा तपासून द्या आणि वर्षातून एक नमुना तुम्ही ओळखा. आपल्या नोंदीला न्यायालयात पुरावा म्हणून किंमत असेल असं मी म्हणत नाही. पण उद्या कुणी तज्ज्ञ अभ्यासाला आले, तर त्यांना विचारायला मागची वर्षं असतील.

दोन गोष्टींचा आग्रह धरते. पहिली, मुलांबरोबर मुळे काढणाऱ्या बायका मार्गदर्शक म्हणून असाव्यात आणि त्यांना त्या दिवसाचं मानधन मिळावं. पाय कुठे रुततो, भरती कधी वळते, कुठल्या जागी काय असायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मुलांच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठीही ते हवं. दुसरी, नाल्याच्या बाजूला हातमोजे आणि बूट सक्तीचे, आणि कुणीही मोठं माणूस सोबत नसताना जायचं नाही.

माझ्या वाट्याचं मी करेन. नोंदींचा तक्ता मराठीत बनवून देईन, मोबाइलवर भरता येईल असा. पण त्याच्या आधी कागदाची वही हवी. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं घालवल्यानंतर सांगते, फोन बदलतात, पासवर्ड हरवतात, कंपन्या बंद होतात. शाळेच्या कपाटातली पुठ्ठ्याची वही टिकते. आपल्या वेळचे हजेरीपट काल ऑफिसात पाहायला मिळाले, ते त्याच कपाटामुळे.

चौकटी, चाळणी, बूट, मानधन आणि प्रवास, या सगळ्याचा पाच वर्षांचा खर्च आपल्या बॅचनं उचलावा, असं मला वाटतं. हॉलच्या दाराशी एक कागद ठेवला आहे. पैसे देणाऱ्यांनी एका बाजूला नाव लिहा, खाडीत उतरणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूची मला जास्त गरज आहे. मुख्याध्यापकांनी तत्त्वतः होकार दिला आहे आणि विज्ञानाच्या बाईंनी पहिल्या मोजणीसाठी डिसेंबरातल्या अमावास्येनंतरचा शनिवार सुचवला आहे. आपली ती मैत्रीण जागा दाखवायला येणार आहे, आणि अहवाल टाकणारा मित्र चाळण धरायला.